हातात धनुष्य की मशाल

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

उठायचं नाही. बसायचं नाही. कूस बदलायची तीसुद्धा सलाईनची नळी सांभाळून! काल नेहमीच्या तपासणीला म्हणून आले ती घरी गेलेच नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघितलं, मान तिरकी केली आणि दातांतून हवा आत ओढली. जपानात हा आवाज आला की समजायचं, आता काही खरं नाही. पंचविसावा आठवडा. पोट वेळेआधीच आवळायला लागलंय. डाव्या हातात सुई, चोवीस तास औषध. किती दिवस? तर बाळ येईपर्यंत! म्हणजे झालंच तर तीन महिने.

औषधाने छाती धडधडते, हात थरथरतो. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिणार. दुसरं करू काय?

सुयश संध्याकाळी बॅग घेऊन आला. ब्रश, दोन गाऊन, ही वही, आणि न सांगता माझ्या कामाचा तपकिरी लिफाफा. म्हणाला, म्हटलं तुला लागेल. लग्नाला सहा वर्षं झाली, आज पहिल्यांदा वाटलं की ह्याला मी थोडीफार कळलेय.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चार खाटांची खोली. प्रत्येक खाटेभोवती पडदा, आणि तो दिवसभर बंद. पलीकडच्या बाईचं नाव कुरामोचि-सान, एवढं नर्सच्या तोंडून कळलं. तोंड बघितलेलं नाही. पुण्यात असते तर एव्हाना तिच्या नणंदेचं सासर कुठलं तेही कळलं असतं मला.

लिफाफा उघडला. आत भांड्यांचे फोटो, मोजमापं. जरा माणसात आल्यासारखं वाटलं. टोकियोतल्या एका छोट्या प्रकाशनात मी बाइतो करते. अर्धवेळ काम. डिसेंबरात एका खाजगी संग्रहातल्या ग्रीक भांड्यांचं प्रदर्शन आहे, त्याच्या कॅटलॉगच्या इंग्रजी नोंदी माझ्याकडे. बेचाळीस वस्तू. साचा ठरलेला — क्रमांक, वस्तू, काळ, मोजमाप, वर्णन, कुणाकडून आली, स्थिती. मोरिवाकी-सान, म्हणजे आमचे साहेब, साठीचे गृहस्थ, त्यांचा एकच नियम. जे दिसतं ते लिहायचं, जे वाटतं ते नाही.

बेचाळीसपैकी अकरा भांड्यांवर आर्टेमिस आहे. ग्रीकांची शिकारी देवी. एम.ए.ला माझा प्रबंध तिच्यावरच होता. आई अजून लोकांना सांगते, आमच्या मैथिलीने एका परक्या देवीवर पुस्तक लिहिलंय. पुस्तक कसलं, एकशे दहा पानं! पण ती पानं लिहिताना मी जितकी सुखात होते तितकी नंतर कधीच नव्हते.

८ ऑक्टोबर, रविवार

सुयश तीनपासून आठपर्यंत बसला. वॉर्डात मोबाइल चालत नाही. भिंतीवरचा फोन कॉरिडॉरच्या टोकाला, तिथपर्यंत मला जायची बंदी. म्हणून घरचं सगळं ह्याच्या तोंडून, गाळून आलेलं. आई रडली — हे त्याने "जरा काळजीत आहेत" असं सांगितलं. सासूबाई काय म्हणाल्या विचारलं तर नुसतंच, "काही नाही गं." मग उठताना म्हणाला, "आई म्हणत होती, यावेळी काही आधी आणून ठेवलं नाही ना?"

नाही. एक दोरासुद्धा नाही. सांग त्यांना.

९ ऑक्टोबर, सोमवार

लिहूनच टाकते एकदा. नागोया, जून २००४. सुयश तेव्हा गाड्यांच्या कारखान्याच्या प्रोजेक्टवर होता. पाचवा महिना नुकताच लागला होता, मी स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानात गेले आणि पिवळी झबली घेतली. तीन. टोपडं. एवढुसे मोजे! घरी येऊन कॉटवर मांडली आणि कितीतरी वेळ बघत बसले. नवव्या दिवशी सगळं संपलं.

सासूबाई फोनवर एकच वाक्य बोलल्या होत्या. "आधी आणायची काय घाई होती?" पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर मी भांडले तरी असते. आता ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं.

मी शिकलेली बाई आहे. कपड्यांनी बाळ जात नाही, हे मला माहीत आहे. माहीत असून काय उपयोग!

१२ ऑक्टोबर

नर्स होशिनो-सान यादी घेऊन आली. बाळंतपणाच्या पिशवीत काय काय हवं. बाळाचे आतले कपडे आखूड पाच, लांब पाच, नवे, एकदा धुतलेले, नाव घातलेले. तिसाव्या आठवड्याच्या आत आणून ठेवायचे. मी म्हटलं, नाही आणणार. तिला वाटलं मला जपानी कळलं नाही. तिने चित्रं काढून दाखवली! शेवटी मी मान डोलावली. यादी उशीखाली.

पलीकडे पडद्याआड कात्रीचा आवाज येत होता. नंतर काही नाही. नंतर परत कात्री.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज क्रमांक १७ची नोंद. मोठं भांडं, काळ्यावर तांबड्या आकृत्या. एका आईने बढाई मारली की मला आर्टेमिसच्या आईपेक्षा जास्त मुलं आहेत. म्हणून आर्टेमिस आणि तिचा भाऊ त्या सगळ्या पोरांना बाणांनी टिपताहेत. इथे तिचा एक हात मागे भात्याकडे गेलाय, पुढचा बाण काढायला. चेहरा अगदी शांत. एखादी बाई मागे हात नेऊन अंबाड्यातली पिन चाचपते तशी. प्रबंधात मी ह्या हाताबद्दल दोन पानं लिहिली होती, रेषेचं कौतुक म्हणून. कौतुक!

बढाई म्हणजे काय असतं? कॉटवर मांडलेली तीन पिवळी झबली म्हणजे बढाईच की.

नोंद लिहिली. "देवी भात्यातून बाण काढताना. स्थिती — भांड्याच्या कानाला चीर." तीन ओळी लिहायला दीड तास लागला.

१६ ऑक्टोबर

पोट दहा मिनिटांत तीनदा आवळलं. औषध वाढवलं. हाताला धरवत नाही पेन.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पडद्यापलीकडून आवाज आला, "मैथिरि-सान, जाग्या आहात का?" पहिल्यांदा! तिचं जपानी हळू आणि सुटंसुटं, माझ्यासाठी मुद्दाम तसं केलेलं. तिला जुळं आहे. एक मुलगी, एक मुलगा. बत्तिसावा आठवडा. दीड महिना इथे आहे. झोपूनच बाळांची झबली शिवते. लहानात लहान मापाची, कारण जुळी लहानच असणार, आणि दुकानात तेवढी लहान मिळत नाहीत.

पडद्याच्या फटीतून एक आत सरकवलं, बघायला. पातळ पांढरं सुती कापड, माझ्या तळहाताएवढी पाठ. पाठीवर, मानेच्या खाली, रंगीत दोऱ्याचा छोटा टाका — सेमामोरि म्हणतात. बाळाची पाठ राखायला. पाठीमागून काही वाईट येऊ नये म्हणून. मुलीचे लाल, मुलाचे निळे. मी तिला सांगितलं, आमच्याकडे गालाला काजळाचा ठिपका लावतात, त्याचंही काम तेच.

मग तिने विचारलं, तुमच्याकडे बाळाचे कपडे कोण शिवतं? मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं — आम्ही आधी काही करत नाही. अंगावर पहिलं घालायचं ते नवं नसतं. जुनं असतं, दुसऱ्या बाळाने घातलेलं, धुऊन मऊ झालेलं. एक बाळ त्यात जगलंय म्हणजे ते कापड चांगलं. तिला कळलं की नाही कोण जाणे. पलीकडची कात्री थांबली. मग "नारुहोदो" म्हणाली. अस्सं, असं.

आपलं कुणीतरी पलीकडे आहे असं वाटून आज जेवण सगळं संपवलं. मिसो सूपसुद्धा.

२१ ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. उरायासुतल्या अरुणाने सुयशच्या हाती चकल्या पाठवल्या. अरुणा तिथे आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. तिच्या साईच्या वेळी तिला नवव्या महिन्यापर्यंत सायकल चालवताना मी पाहिलंय. चकली खाल्ली आणि रडले. चकली चांगली झाली होती.

२३ ऑक्टोबर, सोमवार

अठ्ठाविसावा लागला! डॉक्टर म्हणाले, आता तीस. होशिनो-सानने टाळ्या वाजवल्या, अगदी हळू.

क्रमांक ४१ हातात घेतला. सगळ्यांत लहान वस्तू. तेलाची कुपी, सतरा सेंटिमीटर. एक बाई धावतेय, दोन्ही हातांत पेटत्या मशाली. तिच्यामागे एका जनावराचे मागचे दोन पाय, पुढचा भाग फुटून गेलाय. हरीण? कुत्रा? हरीण किंवा शिकारी कुत्रा असेल तर ती आर्टेमिस. पण धनुष्य नाही, भाता नाही. मशाली तर दुसऱ्या देव्यांच्या हातातही असतात.

हीच तर गंमत आहे हिची. अगदी जुन्या भांड्यांवर तिला पंख आहेत. एका हाताने चित्त्याची मान धरलेली, दुसऱ्या हाताने हरणाची, जनावरांची मालकीणच. मग पंख गेले, धनुष्य आलं. रोमन शिल्पांत तर आखूड झगा आणि पायांत पळायचे सँडल. हातात काय आहे यावरून ती कोण ते ठरतं. आणि हिच्या हातात दोन्ही असतं. बाळंतपणात बाई अचानक गेली तर म्हणत, आर्टेमिसचा बाण लागला. आणि बाई अडली की हाक कुणाला? तर आर्टेमिसलाच! तेव्हा ती मशाल घेऊन यायची. स्वतः कुमारिका, पोर कधी झालं नाही. पण म्हणे जुळ्यातली ही आधी जन्मली आणि लगेच उभी राहून आईला भाऊ जन्माला घालायला मदत केली.

कुरामोचि-सानला ही गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, आमचीही मुलगी खालच्या बाजूला आहे, तीच आधी येणार.

सुयश म्हणाला, ४१ला आर्टेमिस लिहून टाक ना, कोण बघतंय. मी म्हटलं, मला हवी म्हणून ती आर्टेमिस होत नाही. लिहिलं, "मशाली घेतलेली स्त्री (आर्टेमिस?)". प्रश्नचिन्हासकट.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी पलीकडे धावपळ. चाकांचा आवाज. कुरामोचि-सान जाताना म्हणाली, "इत्ते किमासु." जाऊन येते.

२७ ऑक्टोबर

पलीकडचा पडदा उघडा. खाट मोकळी, चादर ताणून बसवलेली. होशिनो-सानला विचारलं. ती म्हणाली, मुलगी छान आहे, अठराशे ग्रॅम. मी म्हटलं, आणि मुलगा? तिने माझ्या सलाईनचे थेंब मोजले. तेच परत मोजले.

दोन तास जगला म्हणे. हे मला जेवण आणणाऱ्या बाईकडून कळलं.

मी रडले. आणि माझ्या पोटाला काही झालं नाही याचं मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

अथेन्सजवळ आर्टेमिसचं एक देऊळ होतं. बाळंतपणातून सुखरूप उठलेल्या बायका तिथे तिला आपले कपडे वाहायच्या. आणि ज्या उठल्या नाहीत त्यांचेही कपडे यायचे, पण ते देवीला नाही, तिच्या पुजारणीला, असं म्हणतात. दगडावर याद्या कोरल्यात. अगदी आमच्या कॅटलॉगसारख्या. किनारीचा झगा. ओढणी. अर्धवट विणलेलं, लोकरीसकट. कितीतरी नोंदींपुढे एकच शब्द — जीर्ण. वापरून वापरून झिजलेलं. तेव्हा मला त्या याद्या कंटाळवाण्या वाटल्या होत्या. प्रबंधात तळटीप देऊन मोकळी झाले.

अर्धवट विणलेलं कुणाचं असेल, ते आज कळतंय.

६ नोव्हेंबर, सोमवार

तीस. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, होशिनो-सानची सुट्टी होती. आता चौतीस, डॉक्टर म्हणतात. माझ्या दोन्ही हातांवर सुई टोचायला जागा उरलेली नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

कुरामोचि-सान आली. आज पहिल्यांदा तिला नीट पाहिलं. केवढीशी आहे! पडद्याआड मी तिला उंच धरून चालले होते. मुलगी अजून काचपेटीच्या वॉर्डात आहे, ती रोज दूध घेऊन येते. मला "फार वाईट झालं" म्हणायचं होतं. जपानीत ते कसं म्हणतात मला माहीत होतं. तोंडातून निघालंच नाही.

तिने दोन्ही हातांनी एक पुडकं पुढे केलं. कापडात बांधलेलं. "त्सुकात्ते कुदासाइ." वापरा. एवढंच म्हणाली, वाकली आणि गेली. मीही दोन्ही हातांनी घेतलं. घेण्यावाचून इलाज होता? नंतर गाठीच्या कडेला बोटाने जरा सारून बघितलं. पांढरं सुती. पाठीवरचा टाका.

निळा.

पुढे बघितलं नाही. खाटेखाली ढकललं. मग खाटेखाली आहे हेही सहन होईना. गेलेल्या बाळाचे कपडे, न घातलेले, माझ्या पोटाखाली! तिला समजलंच नाही मी काय सांगितलं होतं ते. किंवा समजलं आणि — नाही, असा विचार करायचा नाही. सुयशला म्हटलं, घेऊन जा. घरात ठेवू नकोस. टाकून दे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा दुपारी पाणी गेलं. एकतिसावा आठवडा चालू. सिझर. मुलगी. पंधराशे वीस ग्रॅम. रडली म्हणे. मला ऐकू आलं नाही.

पुडकं आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी! तिसऱ्या! मी शिकलेली आहे, मला माहीत आहे, माहीत आहे, माहीत आहे.

१८ नोव्हेंबर

चाकाच्या खुर्चीतून नेलं. काचपेटी. तिच्या अंगावर फक्त लंगोट आणि तारा. नाकाला नळी. छाती अशी आत जाते की बरगड्या मोजता येतात. पेटीला दोन गोल खिडक्या, त्यातून हात घालायचा. हात धुवा, परत धुवा, मग घाला. मी एक बोट तिच्या तळव्याला लावलं. तिने पकडलं नाही. सुयश म्हणाला, झोपलीय गं. हो, म्हटलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मी घरी, ती तिथे. दर तीन तासांनी दूध काढायचं, पिशवीत भरायचं, तारीख-वेळ लिहायची, गोठवायचं, बसने नेऊन द्यायचं. आपल्या दुधावर लेबल लावते मी. स्थिती — गोठलेलं.

बाल्कनीत गेले तर पुडकं तिथेच! कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. सुयशवर ओरडले. एवढी ओरडले की खालचे लोक बाल्कनीत आले. तो बिचारा फ्रिजवरचा कचऱ्याचा तक्ता दाखवायला लागला. जुने कपडे जळाऊ कचऱ्यात चालत नाहीत, दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी वेगळे द्यायचे. चौथा गुरुवार काल होता आणि काल सुट्टी, गाडी आली नाही. आता १४ डिसेंबर. मी म्हटलं, कुठेतरी नेऊन टाक. तो म्हणाला, "मैथिली, टाकवत नाही गं मला. निदान नियमाने तरी जाऊ दे."

३ डिसेंबर, रविवार

आज माझ्यासमोर श्वास थांबला. यंत्र वाजलं, नर्सने पायाला टिचकी मारली, परत सुरू झाला. मग परत थांबला. चौथ्यांदा डॉक्टर पळत आले आणि आम्हाला बाहेर काढलं. जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून सुयशने माझा हात धरला तर मी तो झटकला. का, माहीत नाही.

घरी आल्यावर कॅटलॉगचं शेवटचं प्रूफ टेबलावर होतं. उद्या पाठवायचं. क्रमांक ४१ काढला. आणि मी नवस बोलले. गणपतीला नाही, कुलदेवीला नाही. हिला. म्हटलं, मी तुला नाव देते. कुणाला माहीत नाही तू कोण ते, तुझं धनुष्य हरवलंय, तुझं जनावर अर्धं आहे. मी लिहिते — आर्टेमिस, बाळंतिणींची कैवारी. छापलं जाईल, ग्रंथालयांत जाईल. तू माझी पोर दे.

प्रश्नचिन्ह खोडलं. "आर्टेमिस" लिहिलं. अक्षर अगदी नीट आलं, औषध बंद झालंय ना.

खोट्या नोंदीची लाच. देवीला! पण मला लाज वाटत नाहीये. मी काहीही लिहीन. उद्या कुणी म्हणालं की सगळी बेचाळीस भांडी नकली आहेत असं लिही, तर तेही लिहीन.

५ डिसेंबर, मंगळवार

संसर्ग उतरतोय. श्वास काल एकदाच थांबला, आज नाही. वजन अठराशे साठ.

मोरिवाकी-सानचा फोन आला. आधी बाळाची चौकशी, मग अभिनंदन, मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग अगदी मृदूपणे — क्रमांक ४१, मैथिली-सान. काही नवा पुरावा सापडला का?

माझी पोर आज बरी आहे. आज हिला नाव नाकारलं तर? इतकी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. फोन हातात धरून मी स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसले.

म्हटलं, नाही. पुरावा नाही. मला हवी होती म्हणून लिहिलं.

ते म्हणाले, मग प्रश्नचिन्ह परत ठेवू या. आणि थांबून म्हणाले, प्रश्नचिन्ह म्हणजे "नाही" नव्हे.

फोन ठेवल्यावर हॉस्पिटलला फोन केला. ठीक आहे म्हणाले. तासाभराने परत केला. ठीक आहे म्हणाले.

७ डिसेंबर, गुरुवार

काचपेटीतून बाहेर! उद्या साध्या खाटेत ठेवणार. तिथली नर्स म्हणाली, उद्या कपडे घेऊन या, आईनेच घालायचे असतात पहिले.

अरुणा धावत साईची जुनी झबली घेऊन आली. देवासारखी बाई. पण साई जन्मला तेव्हाच साडेतीन किलोचा! त्याच्या झबल्यात आमची गळ्यातून खाली निघून जाईल. तारा अडकतात, मापाचंच हवं, असं नर्सने बजावून सांगितलंय. सासूबाईंनी पुण्याहून नंदिनीवन्संच्या लेकीचे कपडे पाठवलेत, तेही तसेच, मोठे. स्टेशनजवळच्या दुकानात सुयश जाऊन आला. सगळ्यांत लहान मापही तिला दुप्पट. शिवाय नवं. कोरं करकरीत. तो म्हणाला, पिवळं होतं एक, मी घेतलं नाही. ते ऐकून मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मापाचे कपडे या घरात एकच आहेत. बाल्कनीत. दोघांनाही माहीत होतं.

मग तोच म्हणाला, "मी आणू आत?" मी हो म्हटलं. कुणाचे आहेत ते माहीत असून हो म्हटलं. उघड्या अंगाने नाही ठेवणार मी माझ्या पोरीला, आणि कुणी वाहिलेलं वस्त्र कचऱ्याच्या गाडीतही नाही घालणार. काय व्हायचं ते होवो. पुडकं टेबलावर आहे. सोडायचा धीर होत नाहीये. उद्या तिच्यासमोरच सोडेन.

८ डिसेंबर, शुक्रवार

आत चार झबली आणि एक चिठ्ठी. मला वाचता यावी म्हणून सगळी सोप्या अक्षरांत. एकेका अक्षरावर बोट ठेवून मीच वाचली. "ही चारही आमच्या मुलीने एकेक दिवस घातली आहेत. आता ही जुनी आहेत."

क्र. ४३. झबलं. पांढरं सुती, हातशिलाई. इ.स. २००६. लांबी २६ सें.मी. पाठीवर निळ्या दोऱ्याचा टाका. डाव्या बाहीवर दुधाचा डाग, धुतलेला, गेला नाही. कुणाकडून आलं — कुरामोचि-सान, पलीकडची खाट. स्थिती — वापरलेलं.